वाचकांचे प्रश्न : माळ्यावरच्या स्की आणि मेणाचा हिशेब

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षे स्वीडनमध्ये नोकरीला होता. गेल्या वर्षी तो पुण्याला परतला आणि फ्लॅटमध्ये जागा नसल्यामुळे त्याने आपल्या क्रॉस-कंट्री स्कीच्या, म्हणजे बर्फावरून घसरत चालण्यासाठी पायात अडकवायच्या लांब फळ्यांच्या, दोन जोड्या आमच्याकडे आणून ठेवल्या. अख्खा उन्हाळा त्या पोटमाळ्यावर होत्या. येत्या जानेवारीत तो मित्रांबरोबर गुलमर्गला जाणार आहे. त्याला रजा कमी असल्यामुळे स्कीची साफसफाई मी करून ठेवावी, असे ठरले आहे. खाली काढून पाहिले, तर एका जोडीच्या तळाला मधोमध गुळाच्या पाकासारखा चिकट थर आणि त्यावर धूळ बसलेली दिसली. दुसऱ्या जोडीला मध्यभागी केसाळ पट्टी आहे. दोन्ही जोड्यांचा तळ टोकांकडे पांढुरका पडला आहे. रॉकेलने पुसले तर चालेल काय, घरची इस्त्री आणि मेणबत्ती यांवर काम भागेल काय, आणि हे सारे एका सकाळीत उरकता येईल काय, हे कृपया सांगावे.
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : एका सकाळीत नक्की उरकेल. मात्र या कामात वेळ जातो तो मेण लावण्यात नव्हे, तर जास्तीचे लावलेले मेण खरवडून काढण्यात, एवढे आधीच ध्यानात घ्यावे. मी स्वतः स्वीडनमध्ये नऊ हिवाळे काढले आणि त्यांतले पहिले तीन हिवाळे दर शनिवारी निम्मी वडी वितळवून तिचा बहुतेक भाग वर्तमानपत्रावर गोळा करण्यात घालवले.

आपण रेल्वेत होतात, तेव्हा एक गोष्ट आपल्याला अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. इंजिनाचे चाक रुळावर फिरते राहावे, घसरू नये, म्हणून त्याच्यापुढे वाळू सोडतात आणि त्याच गाडीच्या आसाला वंगण घालतात. वाळू आसात गेली किंवा वंगण रुळावर सांडले, की दोन्ही कामे बिघडतात. क्लासिक पद्धतीच्या क्रॉस-कंट्री स्कीचे नेमके असेच आहे. तिची पुढची आणि मागची बाजू बर्फावरून घसरण्यासाठी असते व तिथे ग्लाइड वॅक्स लागते. पायाखालचा मधला पट्टा मात्र बर्फाला धरून राहण्यासाठी असतो आणि तिथे ग्रिप वॅक्स लागते. स्कीला मधोमध कमान असते. दोन्ही पायांवर सारखा भार असताना हा पट्टा बर्फापासून किंचित उचललेला राहतो आणि एका पायावर पूर्ण भार देऊन रेटा दिला, की तो खाली दबतो, बर्फाचे कण मेणात रुततात आणि स्की मागे न सरकता माणूस पुढे जातो. चिकट मेण घसरणीच्या भागात पसरले तर स्की अडखळते आणि गुळगुळीत मेण मधल्या पट्ट्यात गेले तर पाय जागच्या जागी मागे सरकत राहतो. म्हणून साफसफाईचा पहिला नियम असा, की दोन्ही भागांची फडकी वेगळी ठेवावीत आणि मधला भाग पूर्ण आटोपल्याशिवाय टोकांना हात लावू नये.

आपल्याला दिसलेला पाकासारखा थर बहुधा क्लिस्टरचा आहे. वितळून पुन्हा गोठलेल्या, टणक किंवा ओल्या बर्फावर साधे ग्रिप वॅक्स टिकत नाही, तेव्हा ट्यूबमधून हे डिंकासारखे द्रव्य लावतात. कडाक्याच्या थंडीत ते ट्यूबमधून बाहेर यायला तयार नसते, पण भुसावळच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा, पत्र्याखालच्या माळ्यावर ते वाहत सुटणारच. हा थर काढण्यासाठी डिसेंबरातली गार पहाट निवडावी, कारण क्लिस्टर गार असेल तेवढे कमी लोंबते. प्रथम थरावर जुन्या वर्तमानपत्राची किंवा टिश्यू पेपरची पट्टी दाबून चिकटवावी आणि मग प्लास्टिकच्या पट्टीने कागदासकट खरवडावे. कागदाशिवाय खरवडले, तर तो चिकटा पट्टीला लागतो, पट्टीवरून बोटांना, बोटांवरून दाराच्या कडीला, आणि मग घरातील माणसे दोन दिवस आपले नाव घेत राहतात. मोठा थर निघाल्यावर जो पातळ पापुद्रा उरतो, त्यावर वॅक्स रिमूव्हर लावून मिनिटभर मुरू द्यावे आणि कोरड्या सुती फडक्याने पुसून घ्यावे.

रॉकेलबद्दल विचारले आहे. रॉकेलने मेण विरघळते यात शंका नाही, परंतु मागे तेलकट पापुद्रा राहतो आणि त्यावर नवे ग्रिप वॅक्स नीट बसत नाही. संत्र्याच्या सालीच्या अर्कापासून केलेला रिमूव्हर मुलाच्या सामानात असेल तर तोच वापरावा. नसेल तर रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेन्टाइन मधल्या पट्ट्यापुरते चालते. मात्र दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, इस्त्री त्या वेळी चालू नसावी, आणि पुसून झाल्यावर तळ अर्धा तास तरी वाळू द्यावा. टोकांकडील घसरणीच्या भागाला असले द्रावण शक्यतो लावू नये. तेथील तळ सच्छिद्र पॉलिइथिलीनचा असतो आणि त्याने मेण शोषून धरावे अशीच त्याची रचना असते. द्रावणाने ते आतले मेणही निघून जाते व तळ कोरडा पडतो.

केसाळ पट्टीची जोडी पाहून घाबरण्याचे कारण नाही, उलट तिचे काम सर्वांत थोडे आहे. ती पट्टी अंगोरा शेळीच्या केसांची, म्हणजे मोहेरची असते. केस एकाच दिशेने निजवलेले असल्यामुळे पुढे जाताना ते घसरतात आणि मागे रेटा दिला की ताठ होऊन बर्फ धरतात. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवून पाहिलेल्या माणसाला हे लगेच उमगेल. या पट्टीला ना ग्रिप वॅक्स लागते, ना इस्त्री. इस्त्री तर चुकूनही लागू देऊ नये. तिच्यासाठी असलेल्या क्लीनरने फडके ओले करून केसांच्या दिशेने पुसावे आणि सावलीत वाळू द्यावे. टोकांना मेण लावताना पट्टीवर रंगाऱ्यांकडची कागदी चिकटपट्टी लावून ठेवली, म्हणजे वितळलेले मेण तिच्यावर ओघळणार नाही.

आता पांढुरक्या तळाकडे येऊ. मेण संपलेला तळ उघडा राहिला आणि कोरडा पडला, की असा पांढरट दिसतो. यावर पुसणे हा उपाय नाही, त्याला मेण पाजावे लागते. येथे घरच्या इस्त्रीचा प्रश्न येतो. मेणासाठीची इस्त्री जाड पत्र्याची आणि एकसारख्या तापमानाची असते, तर कपड्यांच्या इस्त्रीचा पारा सतत वरखाली होत राहतो आणि वाफेच्या इस्त्रीच्या भोकांत मेण जाऊन बसते. मुलाने तिकडची इस्त्री आणली असेल तर ती आपल्या विजेवर तशीच चालेल. नसेल तर भोके नसलेली जुनी साधी इस्त्री सर्वांत कमी आचेवर वापरता येते, फक्त त्यानंतर तिने सदऱ्याला शिवू नये. साधारण मध्यम मेणासाठी १२० अंश सेल्सिअसच्या आसपासची आच पुरते, आणि तळाचे पॉलिइथिलीन १३५ अंशांच्या आसपास वितळू लागते. म्हणजे हातात सवलत फारशी नाही. मेणातून धूर निघाला, तर इस्त्री जास्त तापली आहे असे समजून तत्काळ उचलावी.

आणि ती कधीही एका जागी थांबवू नये. खापरावर मांडे करणाऱ्या बाया आपल्याकडे घरोघरी आहेत. खापराची आच त्या हातानेच ओळखतात आणि मांडा जागचा हलायला क्षणभर उशीर झाला तर काय होते, हेही त्यांना ठाऊक असते. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात दारावरची घंटा वाजली म्हणून मी मान वळवली, इस्त्री तेवढीच टेकलेली राहिली, आणि तळावर रुपयाएवढा चकचकीत फोड आला. तिथे मेण पुन्हा कधी मुरले नाही. ती जोडी मी अजून जपून ठेवली आहे, पण मुलांना सरावाला देण्यापुरतीच.

सफाईसाठी सर्वांत मऊ मेण घ्यावे. तळावरची धूळ आधी ब्रशने टोकापासून शेपटाकडे झाडावी, मग मऊ मेण इस्त्रीने वितळवून त्याचा हात फिरवावा आणि ते कोमट असतानाच खरवडून टाकावे. या वेळी मेणाबरोबर आतली काळी घाणही वर येते आणि खरवडलेला कीस राखाडी दिसतो. पुढच्या हाताला तो पांढरा निघाला, की तळ स्वच्छ झाला. बहुतेक वेळा एक-दोन हातांत काम होते. एवढे झाल्यावर, ज्या थंडीत जायचे त्या थंडीचे ग्लाइड वॅक्स लावावे. थंड बर्फाचे कण टोकदार आणि कडक असतात, म्हणून थंडी जेवढी कडक तेवढे मेण कडक. बर्फ ओला असेल तर मऊ. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीत तिथला पारा रात्री शून्याखाली चांगलाच उतरतो, तेव्हा वडीवर शून्याखाली चार ते दहा अंश असा आवाका लिहिला असेल तर ती वडी बरी.

मेणबत्तीचे मेण मुख्यतः पॅराफिनचेच असते, तेव्हा ते अगदीच निरुपयोगी असे म्हणता येत नाही. पण ते थंड बर्फापुढे मऊ पडते, कण त्यात रुततात आणि स्की घसरण्याऐवजी घासत जाते. जवळ काहीच नसेल तर उन्हाळ्यात तळ झाकून ठेवण्यासाठी मेणबत्ती वापरावी, बर्फावर जाण्यासाठी नव्हे.

वेळ वाचवण्याची खरी जागा पुढे आहे. बहुतेक जण इस्त्रीला वडी टेकवून थेंबांची रांगोळी घालतात. तसे न करता वडी इस्त्रीला क्षणभर टेकवून मऊ झाली, की लगेच खडूसारखी तळावर घासावी, पुन्हा टेकवावी, पुन्हा घासावी. असा पातळ लेप दिल्यावर इस्त्री टोकापासून शेपटापर्यंत सलग, हात न थांबवता एकदा-दोनदा फिरवावी. इस्त्रीच्या मागे बोटभर लांबीचा ओला चकचकीत माग दिसत राहिला, तर गती बरोबर आहे. मेण चौथ्या हिश्शाने लागते आणि खरवडायला जवळजवळ काहीच उरत नाही. चारही स्की ओळीने घेतल्या, तर चौथी आटोपेपर्यंत पहिली गार झालेली असते आणि हात रिकामे राहत नाहीत. स्की उलटी ठेवायला बाजारातला स्टँड नसला तरी चालेल: दोन चौरंग थोडे अंतर सोडून मांडावेत, बूट अडकवायची खीळ मधल्या मोकळ्या जागेत लोंबू द्यावी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी स्की चौरंगाला बांधून टाकावी.

गार झाल्यावर आधी मधली खाच आणि कडा मोकळ्या कराव्यात, मग तळ खरवडावा. नंबर प्लेट आणि नावाच्या पाट्या करणाऱ्याकडे चार-पाच मिलिमीटर जाडीच्या अॅक्रिलिकचा हातभर रुंद नव्हे, वितभर तुकडा कापून मिळतो. त्याची कड पॉलिश पेपरवर सरळ घासून घेतली की उत्तम पट्टी तयार होते. लोखंडी पट्टी मुळीच नको. शेवटी नायलॉनचा ब्रश एकाच दिशेने दहा-पंधरा वेळा मारावा. तळावर नजरेला मेण दिसू नये. जे काम करते ते आत मुरलेले असते. खाली वर्तमानपत्र अंथरायला विसरू नये, कारण हा कीस शहाबादी फरशीवर सांडला तर स्कीच्या आधी घरातलीच माणसे घसरतील.

मधल्या पट्ट्याला ग्रिप वॅक्स मात्र आपण लावू नये, ते मुलावर सोडावे. ते त्या दिवशीच्या, त्या ठिकाणच्या बर्फाकडे पाहून लावायचे असते, आणि भुसावळहून लावून पाठवलेले मेण वाटेतली सगळी धूळ गोळा करून गुलमर्गला पोहोचेल. आपण एवढे करून ठेवावे, की पट्ट्याची हद्द आखून द्यावी. मुलगा आल्यावर त्याला बूट घालून गुळगुळीत फरशीवर दोन्ही स्कींवर सारखे उभे करावे आणि पायाखाली कागदाची चिठ्ठी पुढे-मागे सरकवून पाहावी. जिथवर ती मोकळी सरकते, तिथवर कमानीची पोकळी आहे. टाचेपासून पुढे साधारण पन्नास ते सत्तर सेंटिमीटर भरते. दोन्ही टोकांना कडेवर पेनने खूण करावी. मग सगळा भार एकाच पायावर घ्यायला सांगावे. चिठ्ठी घट्ट अडकली पाहिजे. अडकली नाही, तर ती स्की त्याच्या वजनाला ताठ आहे, आणि कितीही मेण लावले तरी ती धरणार नाही.

गुलमर्गला गेल्यावर त्याने खुणांमधला तळ १०० ते १५० नंबरच्या पॉलिश पेपरने किंचित खरखरीत करावा आणि जाड एका थराऐवजी चार-पाच पातळ थर द्यावेत. प्रत्येक थर बुचाने घासून गुळगुळीत करायचा. जुन्या थर्मासचे बूच यासाठी फारच नामी. ताज्या बर्फावर शून्याखाली एक ते सात अंशांसाठी स्विक्स कंपनीच्या ग्रिप वॅक्सचा व्ही ४० हा निळा डबा बहुतेक दिवस निभावतो. पाय मागे सरकू लागला, तर आधी आणखी एक थर द्यावा, मग पट्टा पुढच्या बाजूला थोडा लांबवावा, आणि तरीही भागले नाही तरच अधिक मऊ मेण घ्यावे. कडक मेणावर मऊ मेण चढते, मऊ मेणावर कडक मेण बसत नाही; हा क्रम उलटा झाला, तर पुन्हा पहिल्यापासून सफाई.

आणखी एक गोष्ट आताच पाहून घ्यावी. मुलाच्या पेटीतल्या वड्यांवर एलएफ किंवा एचएफ अशी अक्षरे असतील, तर त्या फ्लुओरिनयुक्त जुन्या वड्या आहेत. सीएच असेल तर साध्या पॅराफिनच्या. फ्लुओरिनची संयुगे निसर्गात मोडत नाहीत, पाण्यात आणि रक्तात साठत जातात, आणि तापलेल्या इस्त्रीवर त्यांचा धूर फुप्फुसांना घातक असतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांमध्ये अशा मेणावर पूर्ण बंदी घातली आहे. महाग होत्या म्हणून ठेवून देण्याचा मोह होईल, तरी त्या वापरू नयेत. तसेच रिमूव्हर आणि स्प्रेचे डबे ज्वलनशील असल्यामुळे विमानात नेता येत नाहीत. वड्या, इस्त्री आणि ब्रश सामानात खुशाल जाऊ द्यावेत.

मार्चमध्ये स्की परत आल्या, की मधला पट्टा धुऊन काढावा, टोकांना मऊ मेणाचा जाड थर द्यावा आणि तो न खरवडता तसाच राहू द्यावा. जाड थर लावायची वर्षातली ही एकच वेळ. पोटमाळ्याऐवजी त्या घरातल्या सर्वांत गार खोलीत, उन्हाच्या तिरिपेपासून दूर, भिंतीला उभ्या करून ठेवाव्यात. क्लिस्टरच्या ट्यूबा मात्र झाकण घट्ट करून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये. घरच्यांना त्या खाण्याच्या वस्तू नाहीत हे आधी सांगून ठेवावे.

प्रश्न : माझी मुलगी फिनलंडमध्ये शिकायला आहे. वसतिगृहात इस्त्रीने मेण वितळवायला परवानगी नाही. तिने वापरलेल्या जुन्या स्की घेतल्या असून आठवड्यातून एकदा फिरायला जाते. इस्त्रीवाचून चालेल काय?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : चालेल. हल्ली बाटलीत द्रवरूप ग्लाइड वॅक्स मिळते. तळ कोरडा पुसून ते स्पंजाने टोकापासून शेपटाकडे लावावे, बाटलीवर लिहिलेला वेळ वाळू द्यावे आणि नायलॉनच्या ब्रशने घासून काढावे. इस्त्रीने मुरवलेल्या मेणापेक्षा ते लवकर झिजते, हे खरे. पण आठवड्यातून एकदा दहा किलोमीटर फिरणाऱ्याला त्याची खंत करण्याचे कारण नाही. स्वीडनच्या वासालोपेतसारख्या शर्यतीत सेलेन ते मोरा असे ९० किलोमीटर जायचे असते, तेव्हा मेण किती टिकते याची चिंता रास्त ठरते. हंगामात एक-दोनदा तिथल्या खेळाच्या दुकानातून इस्त्रीचा हात करून घ्यावा. तिच्या स्की केसाळ पट्टीच्या किंवा तळाला माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असलेल्या असतील, तर ग्रिप वॅक्सचा प्रश्नही उरत नाही. पट्टी नसेल आणि नक्षीही नसेल, तर तिने स्थानिक माणसाला विचारून त्या दिवसाचा डबा निवडावा.

प्रश्न : वडील सैन्यात असताना डोंगराळ भागातून आणलेली लाकडी स्कीची जुनी जोडी आमच्या घरात आहे. तळाला डांबरासारखा काळा थर आहे आणि त्याला उग्र वास येतो. तो काढून वॉर्निश करावे काय?
— एक वाचक, धुळे

उत्तर : कृपया काढू नये. प्लास्टिकचा तळ येण्याआधी लाकडी स्कीला पाइन वृक्षापासून काढलेले डांबर पाजत असत. त्यामुळे लाकडात पाणी शिरत नाही आणि ग्रिप वॅक्सला धरायला बैठक मिळते. वॉर्निशवर मेण टिकत नाही. जोडी केवळ भिंतीवर लावायची असेल, तर वरची बाजू जवसाच्या तेलाने हलकी पुसावी आणि तळ तसाच राहू द्यावा. ती खरोखर बर्फावर न्यायची असेल, तर तळ फडक्याने साफ करून पाइनच्या डांबराचा पातळ हात द्यावा, तो बुडबुडे येईपर्यंत गरम हवेच्या यंत्राने तापवावा आणि लगेच फडक्याने पुसून घ्यावा. लाकूड करपू देऊ नये. हे काम अंगणात करावे. डांबराने माखलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेटू शकतात. दोरीवर पसरून पूर्ण वाळल्यावरच टाकावीत. जवसाच्या तेलाच्या फडक्यांनाही हेच लागू आहे.